बदकचोच्याचा खण

मागच्या उन्हाळी सुट्टीत माझी नात मोडनिंबला आली होती. सहावीत आहे, मराठी शाळेत. दुपारी वीज गेली म्हणून आम्ही दोघे अंगणातल्या निंबाखाली बाज टाकून बसलो होतो. तिच्या हातात प्राण्यांच्या चित्रांचे पुस्तक होते. एका पानावर ती थबकली आणि म्हणाली, "नाना, हे बघा ना. याला बदकासारखी चोच आहे, हा अंडी घालतो, आणि खाली लिहिलंय सस्तन प्राणी. पुस्तक चुकलंय ना?"

चित्र प्लॅटिपसचे होते. ऑस्ट्रेलियातल्या नद्या-ओढ्यांत राहणारा, मांजरापेक्षाही लहान असा हा जीव. अंगावर दाट लव, शेपटी चपटी, पोहायला पायांना पडदे आणि तोंडाला चोच. नराच्या मागच्या पायाला कोंबड्याला असतो तसा काटा, आणि त्या काट्यात विष. नातीला समजावे म्हणून मी त्याला 'बदकचोच्या' म्हणालो. ते नाव तिला आवडले. पण नाव दिले म्हणून प्रश्न सुटला नाही.

श्रोतेहो, मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. तेव्हा "बघून सांगतो" म्हणून मी वेळ मारून नेली. पण पोरांना दिलेला शब्द मोडता येत नाही. मी पुस्तके काढली, विज्ञान शिकवणाऱ्या मित्रांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू, कारण तेवढाच माझा प्रांत. 'सस्तन' म्हणजे स्तन असलेला. मादी पिलाला अंगावर पाजते असा प्राणी. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी 1758 साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या गटाला 'मॅमेलिया' हे नाव दिले, तेही लॅटिनमधल्या स्तनाच्याच शब्दावरून. त्याआधी त्यांनी या गटाला 'चतुष्पाद' म्हटले होते. नाव बदलले आणि मोठी उलथापालथ झाली. चार पाय नसलेला देवमासा, जो तोवर माशांत बसला होता, तो दूध पाजतो म्हणून गाय-म्हशींच्या रांगेत आला. आपण मराठीत आजही त्याला मासाच म्हणतो. नाव जुने राहिले, नाते मात्र कळले.

आता बदकचोच्याचे बघा. त्याच्या मादीला दूध येते, पण स्तनाग्रे नाहीत. पोटाच्या कातडीतून दूध पाझरते, केसांवर उतरते आणि पिले ते चाटून घेतात. म्हणजे शब्दाचा अर्थ धरून बसलो तर हा सस्तनच नव्हे! त्यात पुन्हा अंडी. नातीचा प्रश्न काही पोरकट नव्हता. याच प्रश्नावर युरोपातले मोठमोठे पंडित तब्बल 85 वर्षे भांडले आहेत.

ती हकिगत मोठी गमतीची आहे. 1798 मध्ये न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी या प्राण्याचे कातडे इंग्लंडला पाठवले. ब्रिटिश म्युझियममधले जॉर्ज शॉ यांनी 1799 मध्ये त्याचे वर्णन छापले. पण लिहिताना त्यांच्याही मनात शंका होतीच, की कुणा चलाख कारागिराने एखाद्या जनावराच्या तोंडाला बदकाची चोच तर बसवली नाही ना? तरी त्यांनी नाव दिले, 'प्लॅटिपस अनॅटिनस'. प्लॅटिपस म्हणजे सपाट पायांचा, अनॅटिनस म्हणजे बदकासारखा. पुढे लक्षात आले की प्लॅटिपस हे नाव एका लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला आधीच दिलेले आहे. शास्त्राच्या दप्तरात दोन वेगळ्या प्राणिवंशांना एकच नाव चालत नाही. दरम्यान जर्मनीत ब्लुमेनबाख यांनी 1800 मध्ये त्याच प्राण्याला 'ऑर्निथोऱ्हिंकस पॅराडॉक्सस' म्हटले होते. म्हणजे पक्ष्याच्या तोंडाचा आणि कोड्यात टाकणारा. शेवटी पहिल्याचे अर्धे, दुसऱ्याचे अर्धे अशी तडजोड झाली आणि 'ऑर्निथोऱ्हिंकस अनॅटिनस' हे नाव कायम झाले. बाजारात मात्र त्या भुंग्याचे नावच चालते. आपल्याकडे कागदावर एक नाव आणि घरात दुसरे असते ना, तसेच.

नावाचा वाद मिटला, पण हा बसवायचा कुठे? 1803 मध्ये फ्रान्सच्या जोफ्रुआ सँ-तिलेर यांनी याच्यासाठी आणि त्याचा काटेरी भाऊबंद एकिड्ना याच्यासाठी 'मोनोट्रीम', म्हणजे एकच छिद्र असलेले, असा वेगळा गट सुचवला. मलमूत्र आणि अंडी, सगळ्याला वाट एकच, पक्ष्यांसारखी. 1820 च्या दशकात मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने मादीच्या अंगात दुधाच्या ग्रंथी असल्याचे दाखवले. जोफ्रुआ मानायला तयार नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते. जो अंडी घालतो तो दूध पाजणार नाही, आणि जो दूध पाजतो तो अंडी घालणार नाही. गंमत बघा, दुसऱ्या बाजूचे पंडितही हेच धरून बसले होते. याला दूध आहे, म्हणजे हा अंडी घालणारच नाही, असे ते म्हणत. भांडण दोन तटांत होते, पण चूक दोघांची एकच होती. दोन्ही गोष्टी एकाच जिवात असू शकतात, हे कुणाच्या मनात येत नव्हते.

इथे मला आमच्या अब्बांचे दुकान आठवते. अब्बा मोडनिंबच्या पेठेत किराणा मालाचे दुकान चालवत. भिंतीला लागून खणांचे एक मोठे लाकडी कपाट होते. प्रत्येक खणावर चिठ्ठी. जिरे, मोहरी, धणे, ओवा, हळकुंड. शाळा सुटल्यावर मी दुकानात बसे. एकदा नव्या मालात दगडफूल आले. काळ्या मसाल्यात पडते ते. मी विचारात पडलो. याला लवंग-नागकेशराच्या शेजारी ठेवू की तमालपत्राच्या? नाव दगडफूल, पण ते दगड नाही आणि फूलही नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र थाटलेला तो संसार असतो, हे मला फार पुढे कळले. मी त्या पुड्या तशाच कोपऱ्यात टाकल्या. अब्बांनी ते पाहिले. रिकामी चहाची पेटी घेतली, पुसली, तिच्यावर चिठ्ठी लावली आणि कपाटाशेजारी ठेवली. म्हणाले, "बेटा, ज्याला खण नाही त्याला नवा खण करायचा. माल फेकायचा नसतो."

तुम्ही म्हणाल, हा बदकचोच्या तिकडे सातासमुद्रापार, त्याचे आपल्याला काय? पण असा बेखणी जीव आपल्या महाराष्ट्रातही आहे. खवले मांजर.

काही वर्षांपूर्वी कवितावाचनासाठी मी चिपळूणकडच्या एका गावी गेलो होतो. रात्री जेवणे उरकली आणि वाडीतून हाक आली. वाटेत काहीतरी सापडले होते. आम्ही कंदील-बॅटऱ्या घेऊन गेलो. गड्यांच्या घोळक्यात मध्ये एक गोळा पडला होता. फणसाएवढा, अंगभर खवले, मोठ्या पाइनकोनसारखा किंवा उलटे लावलेल्या कौलांसारखा. ना तोंड दिसे ना पाय. एक म्हणाला साप गिळून बसला असेल, दुसरा म्हणाला मगरीचे पिल्लू. एक म्हातारी पुढे आली आणि सगळ्यांवर ओरडली, "अरे, खवल्या मांजर ते! सरा बाजूला, त्याला जाऊ द्या." दिवे मालवले, माणसे मागे सरली. बऱ्याच वेळाने तो गोळा हळूच उलगडला, लांब निमुळते तोंड बाहेर आले, आणि पुढच्या पायांची नखे आत वळवून ते डुलत डुलत झाडीत गेले. मी सोलापूरच्या माळरानाचा माणूस. आमच्याकडचा मानाचा प्राणी म्हणजे नान्नजचा माळढोक. खवले मांजर मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिले.

गावी परतल्यावर त्याची नावे शोधू लागलो तर थक्क झालो. आपण मराठीत त्याला मांजर म्हणतो. बंगालीत तो 'बनरुई', म्हणजे रानातला रोहू मासा. हिंदीत कुठे 'सल्लू साँप', तर कुठे 'वज्रकीट'. इंग्रजीतले पँगोलिन हे नाव मलायी भाषेतून आले, गुंडाळी करणारा अशा अर्थाने. एकाच जनावराला मांजर, मासा, साप आणि किडा! ज्याच्या नजरेत जे आधी भरले ते नाव पडले. खवले पाहणाऱ्याला मासा दिसला, सरपटती चाल पाहणाऱ्याला साप दिसला.

प्रत्यक्षात तो सस्तन आहे, आणि तोही चोख. मादीच्या छातीवर दोन स्तन असतात, पिल्लू ती शेपटीवर बसवून फिरवते. अंगावरचे खवले माशाचे नव्हेत. आपली नखे आणि केस ज्या केराटिनचे बनतात त्याचेच ते असतात. तोंडात एकही दात नाही. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपून तो पोट भरतो. आपल्याकडच्या जातीचे शास्त्रीय नाव 'मॅनिस क्रॅसिकॉडेटा', जाड शेपटीचा. हे नाव 1803 मध्ये दिले ते त्याच जोफ्रुआ साहेबांनी, ज्यांनी बदकचोच्याला मोनोट्रीम ठरवले. एकाच वर्षी त्यांच्या टेबलावर हे दोन्ही बेखणी पाहुणे होते.

शास्त्रज्ञांनी खवले मांजराला प्रथम 'दंतहीन' अशा खणात टाकले. त्यात दक्षिण अमेरिकेतले मुंगीखाऊ, स्लॉथ, आर्माडिलो असे सगळे एकत्र कोंबलेले होते. दात नाहीत किंवा कमी आहेत, एवढेच त्यांचे साम्य. पुढे कळले की मुंग्या खाणाऱ्याचे दात हळूहळू जातातच, मग तो कुठल्याही घराण्याचा असो. सारख्या धंद्यामुळे हात सारखे होतात, म्हणून विणकर सगळे एका आईचे ठरत नाहीत. मग खवले मांजराला 'फोलिडोटा', म्हणजे खवलेधारी, असा स्वतंत्र गण मिळाला. गेल्या काही दशकांत डीएनए तपासण्याची सोय झाली आणि या प्राण्याचे खरे भाऊबंद शोधले गेले. ते निघाले कोण? मांसभक्षी गण! कुत्रे, अस्वल, वाघ आणि मांजर. म्हणजे मुंगीखाऊपेक्षा मांजर त्याला जवळचे. त्या वाडीतल्या म्हातारीने आणि तिच्या पूर्वजांनी दिलेले नाव निदान सोयरिकीच्या दिशेने बरोबर निघाले. त्यांनी काही डीएनए तपासला नव्हता, हा योगायोगच म्हणायचा. पण मला त्या योगायोगाने फार आनंद झाला. आणि हिशेब अजून संपलेला नाही. पँगोलिनच्या जगात आठ जाती, असे बराच काळ मानले जात होते. अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून आणखी जातींची भर सुचवली गेली आहे.

खवले मांजराला आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीने पहिल्या परिशिष्टात ठेवले आहे. 2016 मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले. तरी खवल्यांत औषध असते या समजापायी त्याची शिकार होतेच. नखांत जेवढे औषध, तेवढेच खवल्यांत, हे कुणी ऐकत नाही. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे 2020 च्या फेब्रुवारीत चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने खवलोत्सव केला, खवले मांजराच्या प्रतिकृतीची पालखी काढली. ज्याला लोक ओळखतात त्याला लोक वाचवतात.

आता परत बदकचोच्याकडे. तो वाद मिटला कसा? 1884 मध्ये विल्यम कॉल्डवेल हा तरुण शास्त्रज्ञ क्वीन्सलँडच्या नदीकाठी तळ ठोकून बसला. तिथल्या अनेक आदिवासींना त्याने शोधाला लावले. शेवटी अंडे घातलेली मादी सापडली, आणि दुसरे अंडे तिच्या पोटात होते. कॉल्डवेलने तार केली, ती कॅनडात माँट्रियलला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत वाचली गेली. मोनोट्रीम अंडी घालतात, हे जगाने मान्य केले.

पण श्रोतेहो, ही बातमी नवी कुणाला होती? त्या नदीकाठच्या लोकांना ती ठाऊकच होती. 1820 च्या दशकातली एक नोंद आहे, की एका वृद्ध आदिवासीने हा प्राणी दोन अंडी घालतो असे गोऱ्या माणसाला सांगितले होते. ते पुरावा म्हणून कुणी धरले नाही. त्यानंतर साठ वर्षे पंडित बाटलीतल्या कातड्यांवर वाद घालत राहिले. ज्याला माहीत होते त्याचे ऐकून पडताळा घेतला असता, तर एवढा काळ लागला नसता.

हे वाचले तेव्हा माझे मन एकदम मागे गेले. या नातीची आई, म्हणजे माझी मुलगी, लहान होती तेव्हाची गोष्ट. एका कार्यालयात मी तिचा अर्ज भरून घेत होतो. समोरचे गृहस्थ विचारून विचारून रकाने भरत होते. नाव विचारले, जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. 'मातृभाषा' हा रकाना आला तेव्हा मात्र त्यांनी विचारले नाही. वर नावाकडे एकदा पाहिले आणि 'उर्दू' लिहून टाकले. मी म्हणालो, "साहेब, तिथं मराठी लिहा." ते हसून म्हणाले, "अहो, बरोबरच आहे ते. तुमच्यात उर्दूच असते."

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हते. उर्दूबद्दल मलाही माया आहे, गझल मी तिच्याच ओसरीवर बसून शिकलो. पण माझी आई अब्बांशी दखनीत बोलायची, शेजारणीशी मराठीत, आणि मला रागवायची तेव्हा तर अस्सल माढा तालुक्याच्या मराठीत. माझी मुलगी स्वप्नात बडबडते तीही मराठीतच. तो एक शब्द बदलून घ्यायला मला बरेच हेलपाटे पडले. त्याहून जास्त लागला तो मुलीचा प्रश्न. घरी येताना तिने विचारले, "अब्बा, मग आपण घरी बोलतो ते कुणाचं असतं?"

पुढे कार्यक्रमांतही हेच. कविता झाली की कुणीतरी प्रेमाने हात हातात घेऊन म्हणते, "तुम्ही मुसलमान असून किती छान मराठी लिहिता!" मी आभार मानतो. पण त्या 'असून'मध्ये मला जोफ्रुआ साहेब भेटतात. अंडी घालतो, म्हणजे दूध पाजणार नाही. अमुक नावाचा आहे, म्हणजे तमुक भाषेचा असणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवत होते, तेव्हा त्यांची मातृभाषा कुणी विचारली असेल असे मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, मग 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तो वेगळा खण तुम्हीच केला ना? केला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, मंडपात मागे उभा राहून ऐकत होतो. मला ते अब्बांच्या चहाच्या पेटीसारखे वाटले होते. मोठ्या कपाटात जागा सापडेना म्हणून शेजारी ठेवलेली, पण त्याच दुकानातली. शिवाय त्या पेटीवरची चिठ्ठी आम्ही आमच्या हाताने लिहिली होती. दुसऱ्याने न विचारता लावलेली चिठ्ठी आणि आपण लावलेली चिठ्ठी यांत फरक असतो.

शास्त्राविषयी माझा आदर या शोधाने वाढला, तो एका कारणासाठी. शास्त्रज्ञ चुकले, भांडले, ज्यांचे ऐकायला हवे होते त्यांचे ऐकले नाही. पण पुरावा समोर आला तेव्हा त्यांनी बदकचोच्याला खोटा ठरवले नाही. आपली व्याख्या रुंद केली. आज सस्तन कोण, याचे उत्तर असे देतात की जो दुधावर पिलू वाढवतो, ज्याच्या अंगावर केस असतात आणि जो त्या वंशाच्या मुळातून आला आहे तो. पिलू पोटातून आले की अंड्यातून, हे दुय्यम ठरले. 2008 मध्ये बदकचोच्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात दुधाचीही जनुके सापडली आणि अंड्यातल्या बलकाचेही जनुक सापडले. दोन्ही त्याची स्वतःचीच, कुणी चिकटवलेली नाहीत.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी नातीला हे सगळे सांगितले. म्हणालो, "पुस्तक चुकलेलं नाही बेटा. शब्द थोडा तोकडा पडला, इतकंच." तिने थोडा विचार केला. मग पेन्सिल घेतली आणि चित्राखालच्या 'सस्तन प्राणी' या शब्दांपुढे आपल्या अक्षरात लिहिले, "कारण दूध पाजतो."

मग म्हणाली, "नाना, त्याला विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं?"

हा प्रश्न मात्र मी पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)